शिळं पाणी

मासे पाळणाऱ्यांच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये अकोल्याचा एक माणूस आहे. त्याला मी कधी पाहिलं नाही, फक्त आवाज ओळखते. बोलण्याआधी तो घसा खाकरतो, मागे त्याचा पंखा करकरत असतो.

आमच्या अमरावतीत नळ आला की शिळं पाणी फेकून ताजं भरायचं, ही माझी सवय. माशांच्या काचेच्या पेटीतही मी तसंच केलं आणि मासोळ्या उलट्या तरंगू लागल्या. घाबरत ग्रुपवर लिहिलं, तर एकाने उत्तर दिलं, "काकू, आता तळूनच टाका."

मी ग्रुप सोडणारच होते. तेवढ्यात त्या अकोल्याच्या माणसाचा आवाज आला, "ताई, जित्ती हाये का एखांदी?"

एक होती. तसं लिहिलं.

"मंग रडू नका. नळाच्या ताज्या पान्यात जंतू मारायचं औषध रायते, पानी दिसभर ठेवलं का थे उडून जाते. शेजारी कोनाकडं कालचं भरलेलं पानी असन, थे आना. माह्या त साऱ्याच मेल्या होत्या. मी लाजून कोनाले इचारलंच नाही. तुमी इचारलं."

ती वाचली.

काल एका नव्या बाईने ग्रुपवर हाच घोळ सांगितला. कोणी हसायच्या आत मी फोन तोंडाजवळ धरला, घसा खाकरला आणि विचारलं, "ताई, जित्ती हाये का एखांदी?"