अंगणातली कार्पोरेशन आणि गंगूचे पाहुणे

आमच्या घरात सतरा माणसं, दोन बैल, एक म्हैस आणि मुंबईत सात महिने राहून आलेला मी, एवढा परिवार होता. त्यातल्या बैलांनी आणि म्हशीनं घराचं कधी काही नुकसान केल्याचं मला आठवत नाही.

मुंबईत मी म्युनिसिपालिटीत शिपाई होतो. (गावात मी नुसतं 'हापिसात असतो' म्हणायचो.) काम एकच. कागद काखेत मारायचे आणि या खात्यातून त्या खात्यात पोचवायचे. त्यामुळं एवढ्या मोठ्या शहराचा कारभार मला डोक्यानं नाही, पायांनी कळला. लोकांनी निवडून दिलेले सभासद कार्पोरेशनात जमून ठराव करतात. त्यांच्यातले निवडक काही जण स्टँडिंग कमिटीत बसून बारीकसारीक गोष्टी तपासतात. मेयर मधल्या खुर्चीत बसून सभा चालवतो. आणि हे सगळे उठून घरी गेले की काम करतो कमिशनर. त्याला कुणी निवडून दिलेलं नसतं, सरकारनं नेमलेलं असतं. त्याच्या हाताखाली पाणी, आरोग्य, रस्ते अशी खाती, आणि शहराचे तुकडे पाडून केलेले वॉर्ड. एका सहीवाचून कागद अडला की तो अडलाच, मग खाली दारात माणूस का तिष्ठत असेना. हे मी रोज बघायचो. बघून बघून मला त्यात काहीतरी पवित्र वाटायला लागलं होतं.

मग मला हिवताप झाला आणि मी बेडशाच्या लेण्यांखालच्या आमच्या गावी परत आलो. ताप गेला. कारभार डोक्यातून गेला नाही.

त्याच साली माझी धाकटी बहीण गंगू लग्नाची झाली होती. तिला बघायला पाहुणे एकदा येऊनही गेले होते, पण त्या दिवशी घरात नुसता सावळागोंधळ. गूळपाणी तिघांनी तीनदा आणून दिलं, बैल कुणीच बांधला नाही आणि त्यानं पाहुण्यांच्या पटक्याचा सोगा चघळून टाकला. पाहुणे जे गेले, ते परत आले नाहीत. आता दुसरं ठिकाण आलं होतं, तुंगार्लीचं. मुलगा लोणावळ्याला रेल्वेत होता. गंगूनं त्याला कार्ल्याच्या जत्रेत लांबून पाहिलं होतं, आणि हे घरात फक्त मला ठाऊक होतं.

"दादा," ती मला गोठ्यात गाठून म्हणाली, "ह्ये ठिकाण हातचं जाऊ देऊ नगंस. मागच्यासारकं झालं तर मी कुणाला तोंड दावनार न्हाई."

तिचे डोळे भरून आले होते. त्याच क्षणी मी ठरवलं, की या घराला शिस्त लावायची. गंगूनं मला फक्त बैल बांध म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

रात्रीची जेवणं व्हायच्या आत मी सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि मुंबईचा कारभार समजावून सांगितला. घरातली मोठी माणसं म्हणजे कार्पोरेशन. ओटा, माजघर आणि गोठा हे तीन वॉर्ड. चुलीपाशी बसणाऱ्या तिघी बायका म्हणजे स्टँडिंग कमिटी. (घरातले खरे निर्णय पहिल्यापासून तिथंच होत. मी फक्त नाव दिलं.) आमचे थोरले चुलते आबा, वडलांच्या माघारी घरातले कर्ते, त्यांना मी मेयर केलं.

"मेयरनं काय करायचं?" आबांनी विचारलं.

"मधी बसायचं. सगळे मान देतील. काम कायबी करायचं न्हाई."

आबा पानाला चुना लावत होते. "मग आत्ता मी काय करतोय?" ते म्हणाले.

मधले चुलते ज्ञानूकाका, त्यांना पाणी खातं दिलं. विहिरीचा दोर आणि पोहरा त्यांच्या ताब्यात. त्यांच्या परवानगीशिवाय कुणी थेंब शेंदायचा नाही. धाकटे चुलते रामूकाका, त्यांना रस्ते. ज्ञानूकाकांची बायको, आमची काकी, तिला आरोग्य. काकी आधीपासूनच दुसऱ्याच्या हातचं पाणी नाक मुरडून प्यायची, तिला या कामासाठी शोधावं लागलं नाही.

"आनि कमिशनर कोन?" रामूकाकांनी विचारलं.

"तो निवडून येत न्हाई," मी म्हणालो. "त्याला नेमावं लागतं. सरकार आपल्यात न्हाई, म्हणून मीच मला नेमलंय. हितनं पुढं माझ्या सहीबिगर खात्यांनी एकमेकांच्या कामात हात घालायचा न्हाई."

कुणी हरकत घेतली नाही. मुंबईला जाऊन आलेल्या माणसाच्या बोलण्याला तेव्हा आमच्या मावळात कुणी हरकत घेत नसे. आई तेवढी म्हणाली, "आरं, पण पाणी आमी बायकाच आणतो की." मी तिला सांगितलं, की हा विषय कमिटीत घ्या.

पंधरा दिवस कारभार उत्तम चालला. म्हणजे कामं होईनात, पण भांडणंही होईनात. ज्याच्याकडं काम नाही त्यानं ते करायचं नाही, एवढं एकच कलम सगळ्यांना मनापासून आवडलं. अंगणात शेण पडलं तर ते रस्त्यावर पडलं की आरोग्यावर, यावर दुपार जाई. मी मधोमध उभा राहून निकाल देई. आयुष्यात मला इतकं सुख पुन्हा मिळालं नाही.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. चैत्राचं ऊन. मी बैलगाडी जुंपून कामशेतच्या ठेसनावर गेलो. पाहुणे तिघं होते. मुलगा, त्याचा मामा आणि मुलाचे वडील. वडील रेल्वेत मुकादम, उंच, गंभीर, कमी बोलणारे. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं.

"लय तहान लागली बगा."

"आता घर आलंच," मी म्हणालो. "आमच्याकडं पान्याचं खातंच येगळं हाय."

ते माझ्याकडं जरा वळून बघू लागले. मला वाटलं, छाप पडली.

घरी काय झालं होतं ते मला नंतर कळलं, पण इथंच सांगतो. मी निघाल्यावर काकीला रांजणात पाल दिसली. तिनं आरोग्य खात्याच्या अधिकारात घरातलं सगळं पाणी ओतून टाकलं. रांजण, हंडे, घागरी, देवापुढची लोटीसुद्धा. पाणी ओतायचा अधिकार तिचा, भरायचा ज्ञानूकाकांचा. ज्ञानूकाका दोर खांद्यावर टाकून निघाले, तर विहिरीकडं जाणारी पायवाट रामूकाकांनी पाहुण्यांच्या मानासाठी मुरूम टाकायला म्हणून गुडघाभर खणून ठेवली होती आणि आडवी काटी लावून बंद केली होती. ज्ञानूकाका म्हणाले, काटी काढ. रामूकाका म्हणाले, कमिशनरची सही आण. आणि कमिशनर कामशेतच्या ठेसनावर.

गाडी अंगणात थांबली. आमच्याकडं रीत अशी, की पाहुणा आला की आधी पाय धुवायला पाणी, मग गूळपाणी, मग उंबरा ओलांडायचा. त्याच्या आधी पाहुणा आत येत नाही आणि कुणी त्याला ये म्हणत नाही. तिघं अंगणात उभे राहिले. चपला काढल्या. खाली जमीन तापलेली. ते पाय उचलून या पायावरनं त्या पायावर होऊ लागले.

"ज्ञानूकाका, पाणी," मी म्हणालो.

"आरोग्याला ईच्यार," ज्ञानूकाका म्हणाले. "घर कोरडं करून ठिवलंय तिनं."

"माजं काम मी केलं," काकी म्हणाली. "भरायचं माज्याकडं न्हाई."

"रस्ता बंद हाय," रामूकाका म्हणाले. "तू म्हनाला व्हतास, एका खात्यानं दुसऱ्याच्यात हात घालायचा न्हाई."

"मी सही देतो," मी म्हणालो.

"नुसती सही कशी चालंल? बंद रस्ता खोलायला ठराव लागतो. त्येबी तूच सांगितलं व्हतंस."

हे मी सांगितलं होतं. आणि खरं सांगतो, तेव्हासुद्धा माझ्या मनात आलं, की रामूकाकांचं बरोबर आहे. ठरावाशिवाय कसं चालेल? सात महिन्यांची पायपीट रक्तात उतरली होती. मी आबांकडं बघितलं आणि म्हणालो, "मेयरसाहेब, सभा घ्या."

मुकादम उन्हात उभे. मामा उन्हात उभा. मुलगा उन्हात उभा. आणि आमच्या घरची तेरा मोठी माणसं अंगणात गोल करून सावलीला बसली.

आबा मधे बसले, घसा साफ करून म्हणाले, "ईहिरीचा रस्ता खोलावा, असा ठराव हाय. अनुमोदन कोन देतंय?"

एकही हात वर झाला नाही. ज्ञानूकाकांनी दिलं तर काकी चिडणार, काकीनं दिलं तर रामूकाका. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिला.

मुकादमांनी हात वर केला.

"मी देतो अनुमोदन," ते म्हणाले. आवाज कोरडा पडला होता. "पर पानी द्या."

"त्यास्नी मताचा हक्क न्हाई," काकी म्हणाली. "भायेरगावचं हायेत."

आबांनी मान हलवली. नियमाला धरून होतं ते. मामा खाली वाकून आपल्या चपला शोधू लागला. मी ते बघितलं. गंगूचं ठिकाण चाललं होतं, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच नियमांनी. उठून काटी उपटून फेकावी आणि विहिरीकडं पळावं, एवढंही मला सुचलं नाही. मी तिथंच बसून राहिलो. ही गोष्ट मी आजवर हसत सांगत आलो, पण एवढं एक वाक्य मला हसत सांगता येत नाही.

तेवढ्यात घराच्या मागच्या अंगानं गंगू आली. डोक्यावर हंडा. जिला नटवून, पदर घेऊन, खाली मान घालून पाटावर बसायचं होतं ती कासोटा खोचलेली, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. ओढ्याकाठी एक झरा आहे, चार शेतं ओलांडून, तिथं जाऊन ती ओंजळीनं हंडा भरून आली होती. त्या झऱ्याला दोर लागत नाही, पोहरा लागत नाही आणि तो आमच्या कुठल्याच वॉर्डात येत नाही.

सभेच्या मधनं ती सरळ चालत गेली. आबांना वळसासुद्धा घातला नाही. हंडा उतरवला, तांब्या बुडवला, आणि मुकादमांच्या तापलेल्या पायांवर पाणी घातलं. मग मामाच्या. मग मुलाच्या, त्याच्याकडं न बघता. आत जाऊन गुळाचे खडे घेऊन आली आणि तांब्या मुकादमांच्या हातात दिला. मग माझ्याकडं वळून इतकंच म्हणाली,

"कमिशनरसाहेब, सही मागनं करा."

मुकादम उभ्यानंच सगळा तांब्या प्यायले. मिशा पुसल्या. आमच्या कार्पोरेशनवरनं एकदा सावकाश नजर फिरवली. कुणी डोळे वर केले नाहीत.

"पोरगी पसंत हाय," ते म्हणाले. "बाकीच्या घराचं आमाला काय करायचं न्हाई."

मुलानं मान हलवली. तो हसत होता, आणि गंगू आत पळाली ती दाराआडनं बघत राहिली, हे फक्त मी पाहिलं.

त्याच दिवशी सुपारी फुटली. मुकादमांनी एकच अट घातली, की मुलीच्या भावानं आमच्या घरी खुशाल यावं, जेवावं, रहावं, पण कारभार सांगू नये. आमच्या बाजूनं ही अट कमिटीनं, कार्पोरेशनानं आणि मेयरनं उभ्याउभ्या मंजूर केली. इतका झटपट ठराव मुंबईतसुद्धा मी पाहिला नव्हता. कमिशनरचं पद त्याच बैठकीत रद्द झालं. दुसऱ्या दिवशी आईनं दोर आपल्या हातात घेतला आणि घर पुन्हा पहिल्यासारखं गोंधळात, पण पाण्यात, चालू लागलं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी पुढं मास्तर झालो. मुंबई मी पुन्हा पाहिली नाही. सुट्टीत मी तुंगार्लीला गंगूकडं जातो. तिचा मालक भला माणूस. मला बघितलं की तांब्या भरून लगबगीनं दाराकडं येतो. पण ती त्याला उंबऱ्यातच अडवते.

"थांबा," ती म्हणते. "आदी ठराव."

मग नातवंडं गोल करून बसतात. ठराव मांडला जातो. मी चपला काढून, उन्हात, या पायावरनं त्या पायावर होत, मोठ्या आशेनं हात वर करतो.

"त्यास्नी मताचा हक्क न्हाई," गंगू नातवंडांना सांगते. "भायेरगावचं हायेत."