खिडकीतून बघणारी डॉक्टरीण

देवाची क्षमा मागूनच लिहिते. आज दिवसभर मनात संशयच होता.

ह्यांचे दोन्ही हात थरथरायला लागल्यापासून दुकानात कात्री बंद. शिंप्याचे हातच गेले तर राहिलं काय? म्हणून वन्संनी ही मेंदूची डॉक्टरीण सुचवली. गेलो, तर बाई वरच्या खिडकीत उभी राहून आम्हाला टक लावून बघतेय. आत पाऊल टाकताच म्हणाली, "काका, चालताना तुमचे हात हलत नाहीत."

झालं, आता भविष्यही सांगेल, असं वाटलं मला.

मशीन नाही, फोटो नाही. हातोडीनं गुडघ्यावर टकटक केलं, बोट नाकाला लावायला सांगितलं, कागदावर जिलबीसारखी वळणं काढून घेतली. मी भिंतीवरची प्रमाणपत्रं वाचत होते. तिनं बरोबर हेरलं.

"खरी आहेत हो, काकू. आधी साधी डॉक्टरकी, मग सगळ्या शरीराची, मग नुसता मेंदू आणि नसा. शिकता शिकता केस पिकले."

"मग ऑपरेशन तुम्हीच करणार?"

"छे! सुरी धरणारे वेगळे. मी फक्त चौकशा करते. आई म्हणते, पोलिसात जायचं होतंस."

मला काही हसू आलं नाही.

"थरथर दोन्हीकडे एकदमच सुरू झाली, तेच खटकतंय. कंपवात बहुधा एका बाजूनं येतो. गोळ्या कुठल्या घेता, काका?"

"कुठल्याच नाही."

"खिशात काय आहे?"

"सुया असतील."

"सुया कुरकुरत नाहीत. दाखवा बघू."

मळमळीच्या गोळ्यांचं पाकीट निघालं! औषधवाल्याकडून परस्पर आणलेलं. कितीतरी महिने चाललंय म्हणे.

"हिला सांगितलं असतं तर हिनं चहा तोडला असता," हे पुटपुटले.

"या गोळ्यांनी काहींना असा कंप सुटतो," ती म्हणाली. "आजपासून बंद. बहुतेक हळूहळू उतरेल. नाहीच उतरला, तर कंपवाताचाच विचार करावा लागेल."

जिन्यावर मी देवाकडे एवढंच मागितलं, की उतरू दे. फाटकाशी मात्र ह्यांना थांबवलं आणि दुसरा खिसा उलटा केला.

"अगं, रस्त्यात काय हे!"

खडूचा तुकडा आणि दोरा निघाला. वर बघितलं. खिडकीतून ती आम्हालाच बघत होती. या वेळी मी हात केला.