दोन अंशांवर गायब होणारा बर्फ

"मॅडम, बर्फ लहान होऊन राह्यला!" प्राचार्य माझ्या कानाशी कुजबुजले. त्यांची कुजबुज वणीच्या बसस्टँडपर्यंत ऐकू जाते. समितीच्या तिन्ही सदस्यांनी एकदम बीकरकडे पाहिलं.

आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीचं एम.एस्सी. सुरू करू द्यायचं की नाही, हे ठरवायला ही समिती आली होती. नाही म्हटलं असतं, तर आमच्या निम्म्या मुलींचं शिक्षण बी.एस्सी.वर थांबणार होतं. चंद्रपूर-नागपूरला पाठवायला घरचे तयार नव्हते. म्हणून समितीच्या लक्षात राहील असं काही दाखवायचं ठरलं आणि मी कपाटातून जड पाण्याची बाटली काढली.

जड पाणी म्हणजे पाणीच. फक्त हायड्रोजनच्या जागी त्याचा वजनदार भाऊ, ड्यूटेरिअम, बसलेला असतो. दिसायला फरक शून्य. पण त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. आणि तो शून्याला नाही, पावणेचार अंशांना वितळतो.

मी बीकरमधलं साधं पाणी दोन अंशांवर आणलं आणि त्यात जड बर्फाचा खडा सोडला. खडा सरळ तळाशी गेला. समिती खूश झाली. इथेच थांबायचं होतं. पण आदल्या दिवशी मी प्राचार्यांना सगळा हिशेब समजावला होता, आणि समजलेली गोष्ट त्यांच्या पोटात राहत नाही.

"पाणी दोन अंश, बर्फ वितळते पावणेचारला," त्यांनी समितीला ठणकावून सांगितलं. "म्हणजे हा खडा दिवसभर आहे तेवढाच राहीन!"

वीस मिनिटांत खडा निम्मा झाला.

"थर्मामीटर बरोबर आहे ना?" समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं. मी दुसरा थर्मामीटर लावला. त्यानेही दोनच दाखवले. आता मला बाहेरच्या उन्हापेक्षा बीकरमधल्या थंड पाण्यानेच जास्त घाम फुटला होता. हिशेब मीच केला होता, त्यामुळे प्राचार्यांवर चिडायचीही सोय नव्हती.

लॅब अटेंडंट आत्रामभाऊ माझ्याआधीपासून या लॅबमध्ये आहेत. ते बीकरसमोर वाकून बराच वेळ बघत राहिले.

"मॅडम, हे वितळून नाही राह्यलं," ते म्हणाले. "विरघळून राह्यलं. चहात साखर जाते ना, तसं."

मला स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटली. बर्फ शुद्ध जड पाण्यात असता, तर माझा हिशेब खरा होता. पण भोवती होतं साधं पाणी. ते खड्याच्या पृष्ठभागावर मिसळत होतं, आणि अशा मिसळीचा गोठणबिंदू पावणेचारच्या खाली येतो. म्हणून खडा थंड पाण्यातही कडेकडेने जात होता. हे मी वर्गात मीठ आणि बर्फ घेऊन दरवर्षी शिकवते.

"मग उलटं केलं तर?" अध्यक्षबाई खुर्चीतून उठल्या.

म्हणजे साधा बर्फ जड पाण्यात. हे मी कधी करून पाहिलं नव्हतं. "होईल की नाही, सांगता येत नाही," मी म्हटलं. प्राचार्यांनी डोळे मिटले.

फ्रिजमध्ये बाटलीतलं उरलेलं जड पाणी होतं, दोन अंशांवर. खरं तर ते गोठायला हवं होतं, पण सुरुवात करून द्यायला बर्फाचा एकही कण नसल्यामुळे पातळच राहिलं होतं. त्यात मी फ्रीजरमधल्या साध्या बर्फाची कपची टाकली. कपची तरंगली. क्षणभर काहीच झालं नाही. मग तिच्या कडेने पांढऱ्या काड्या फुटायला लागल्या.

"अरे, हा तर वाढतोय!" अध्यक्षबाई लहान मुलीसारख्या ओरडल्या.

थोड्या वेळाने ही कपचीही रोडावणार, हे मला माहीत होतं, कारण गोठताना उष्णता बाहेर पडते आणि साधा बर्फ तर शून्यालाच वितळतो. म्हणून समितीला मी लगेच जेवायला नेलं.

महिनाभराने परवानगी आली. पहिल्या वर्षाच्या वर्गात मुलीच जास्त आहेत. आत्रामभाऊंना मी नीट समजावून सांगायला गेले, तर म्हणाले, "मले तं दिसूनच राह्यलं होतं, मॅडम."

एवढंच शिकले: प्रयोग संपायच्या आधी निकाल कुणाला सांगू नये. प्राचार्यांना तर प्रयोग आहे हेसुद्धा सांगू नये.