मागची सीट नसलेली गाडी

मुलीने जेवताना फोन माझ्या ताटासमोर धरला तेव्हा मला वाटलं, हिने स्वतःच मुलगा शोधलाय आणि आता फोटो दाखवतेय. बघतो तर गाडी. लाल, बुटकी, दोन दारांची, परदेशी कंपनीची टर्बो. "सव्वा लाख किलोमीटर झालीय म्हणून स्वस्तात जातेय," ती म्हणाली. "सिल्व्हर पार्कलाच आहे. रविवारी बघायला जाऊ या, पप्पा."

मी म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं? पेणकरपाड्यात आपल्या गल्लीत पाण्याचा टँकर शिरला की माणसाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. तिथे ही शर्यतीची गाडी ठेवणार कुठे? आणि सव्वा लाख पळालेली म्हणजे काय समजतेस? असली गाडी घेणारा माणूस ती दूध आणायला वापरत नाही, पिळून काढतो. उद्या टर्बो गेला तर पार्ट येणार साता समुद्रापलीकडून, आणि तोवर गाडी ताडपत्रीखाली. बिल्डिंगच्या मांजरांची सोय होईल तेवढी.

"ते सगळं तुम्हीच बघून सांगा," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच घेतेय."

बायको आमटी वाढत होती. तिचा हात तसाच थांबला. मी भात कालवत बसलो.

मी ड्रायव्हर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. परळहून इकडे राहायला आलो तेही साहेब घोडबंदर रोडला राहायला आले म्हणून. साहेब पुढे दुसरीकडे राहायला गेले, आम्ही इथेच राहिलो. गेल्या दिवाळीपर्यंत मी कामावर जात होतो. मग कंबर धरली म्हणून सोडलं. ड्रायव्हरची कंबर धरली म्हटल्यावर कुणी पुढे काही विचारत नाही. बायको रोज झोपताना तेल चोळून देते, मी पालथा पडून कण्हतो. कंबरेला काहीही झालेलं नाही.

झालंय ते डोळ्यांना. डॉक्टरीणबाईंनी मला एका मशीनमध्ये तोंड घालून बसवलं होतं आणि हातात बटण दिलं होतं. दिवा दिसला की दाबायचं. मी दाबत होतो. बराच वेळ गेल्यावर मीच त्यांना सांगितलं, मॅडम, तुमच्या मशीनचे डावीकडचे दिवे बंद आहेत वाटतं. त्यांनी माझ्या हातातलं बटण काढून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली सांभाळायची. गाडी चालवणं आता बंद." मी थेंबांची बाटली घेतली आणि घरी येऊन कंबरेवर हात ठेवला. डोळे चुरचुरतात म्हणून थेंब घालतो, असं बायकोला सांगून ठेवलंय.

का नाही सांगितलं? भीती वाटते म्हणून, दुसरं काय. घरात माझं मत कशात चालत नाही. नातेवाइकांना काय द्यायचं, पडदे कुठले लावायचे, कशातच नाही. पण रस्ता आणि गाडी म्हटलं की दोघी अजून माझ्या तोंडाकडे बघतात. तेवढंही गेलं तर मी नुसता गॅलरीत बसलेला म्हातारा. तर झालं असं की, मुलीने मला गॅलरीत बसलेला बघितला आणि तिला वाटलं, गाडी सुटली म्हणून बाप झुरतोय, स्वतःची गाडी असली की हवी तेव्हा चालवेल, कंबरेला झेपेल तेवढी. माझ्या खोट्या कंबरेतून ही लाल गाडी निघाली. म्हणजे तिने पैसे द्यायच्या आत मला बोलावंच लागणार होतं. रविवार उजाडला तरी मी बोललो नव्हतो.

तिच्या स्कूटीवरून आम्ही गेलो. विकणारा एक गुजराती मुलगा होता, तिशीतला. डोळ्यांखाली काळं, टी-शर्टवर बाळाने दूध ओकल्याचा डाग. "अंकल, बेबी आ गया ना," तो म्हणाला, "बेबी-सीट इसमें लगता ही नहीं. मन तो नहीं है बेचने का." त्याची बायको वरच्या खिडकीतून बघत होती. तिचं मन होतं, हे खालूनसुद्धा कळत होतं.

मी बॉनेट उघडायला लावलं. खरं सांगतो, मी मनापासून खोट शोधत होतो. एखादी मोठी खोट सापडली असती तर माझं न बोलताच भागलं असतं. नको गं, भंगार आहे, म्हणायचं आणि घरी जायचं. ऑइल बघितलं. पाइपांवरून बोट फिरवून वास घेतला. गाडी चालू करून मागे जाऊन उभा राहिलो, निळा धूर येतो का बघायला. धूर नाही. टायर चारही सारखे झिजलेले. च्यायला, पोराने जिवापाड सांभाळली होती. इंजिन शिवणाच्या मशीनसारखं चालत होतं.

"मागे सीट कुठाय हिला?" मी शेवटी विचारलं.

"नाहीच आहे," मुलगी म्हणाली. "म्हणून तर आवडली. तुम्ही चालवणार आणि तुमच्या मागे कुणी साहेब बसूच शकणार नाही."

हसत हसत म्हणाली, ओढणीने आरसा पुसत. मला रागच आला. इतका विचार करायची काय गरज होती हिला? एखादा शर्ट घ्यायचा होता. मी टायरला उगाच एक लाथ मारून बघितली आणि म्हटलं, चल, आधी तू चालव. घेणार तू आहेस.

दोनच सीट, त्यामुळे तो मुलगा खालीच थांबला. आमची स्कूटी आणि तिची बॅग त्याच्यापाशी ठेवली. काशिमीऱ्याचा सिग्नल लागला, मग हायवे. मुलगी चांगली चालवते, मीच शिकवलंय. फक्त गिअर उशिरा टाकते. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, पप्पा, ऑटोमॅटिक आहे. 

वरसाव्याला तिने गाडी खाडीवरच्या पुलाच्या अलीकडे खाली आतल्या रस्त्याला घातली. दुपारची वेळ, रस्ता मोकळा. गाडी थांबवून ती उतरली आणि माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. "आता तुम्ही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी उठलो, पलीकडे जाऊन बसलो. इतक्या खोल सीटमध्ये बसताना कण्हायला हवं होतं, तेही विसरलो. स्टीअरिंगला हात लागला आणि मी कुठलाच आजारी माणूस राहिलो नाही. थोडं पुढे गेल्यावर पाय दाबला. आधी काहीच झालं नाही. मग कुठूनतरी बारीक शीळ वाजली आणि पाठीत कुणी धपाटा घातल्यासारखी गाडी सुटली. मी मोठ्याने हसलो. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसलो असेन. मुलगीही हसत होती. किती सुख होतं त्यात, ते मला सांगता येणार नाही.

वळणापाशी मी वेग बराच कमी केला होता. म्हणून वाचलो.

"पप्पा," मुलगी म्हणाली आणि तिने माझा दंड धरला. मी ब्रेक दाबला. माझ्या समोर रस्ता मोकळा होता, शपथ सांगतो, मला काहीच दिसत नव्हतं. मग मान पूर्ण वळवली तेव्हा दिसलं. डावीकडे, बॉनेटला अगदी लागून, एक बाई उभी होती. डोक्यावर पाटी, एका हाताने ती धरलेली, दुसरा हात बॉनेटवर. गावातलीच असावी. घाबरली होती, आणि घाबरली म्हणून चिडली होती.

"डोले हायत का न्हाय रं तुला?" ती म्हणाली. "यवरी मोठी बाई दिसत न्हाय?"

मी हात जोडले. ती पुटपुटत गेली. मी गाडी कडेला घेतली.  मुलगी बटणाकडे हात नेऊन इंजिन बंद करायला लागली, तर मी सवयीने म्हटलं, "लगेच नको. टर्बो तापलाय. मिनिटभर चालू राहू दे, मग बंद कर."

म्हणून आम्ही तसेच बसलो. इंजिन चालू, गाडी उभी, समोर खाडीचं पाणी. कुणालाच काही करायचं नव्हतं.

"मला डावीकडचं दिसत नाही," मी म्हटलं.

ती माझ्याकडे वळली नाही. "कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. काचबिंदू आहे. परत येणार नाही."

"आणि कंबर?"

"कंबर ठणठणीत आहे."

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उलट ओरडता आलं असतं. मग तिने नाक पुसलं आणि विचारलं, "गाडी कशी आहे?"

"गाडी एक नंबर आहे," मी म्हटलं. "नको घेऊस. आईला कुठे बसवशील?"

"नाही घेत," ती म्हणाली, आणि तिने बटण दाबून इंजिन बंद केलं.

परत येताना तिने चालवली. मी डावीकडे बसून काचेतून दुकानांच्या पाट्या वाचत होतो, मान पूर्ण वळवून. काशिमीऱ्याला एक टेम्पो आडवा आला तेव्हा माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला, तिथे ब्रेक नव्हता. तिने वेळेवर ब्रेक लावला होता. तिला सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

सिल्व्हर पार्कच्या गेटपाशी तो मुलगा वाटच बघत होता. "क्या अंकल, मजा आया?" तो म्हणाला. मुलगी उतरली, गाडीला वळसा घालून माझ्याकडे आली, माझं दार उघडलं आणि वर दाराच्या चौकटीला हात लावून धरला, माझं डोकं आपटू नये म्हणून. साहेब लोकांसाठी धरतात तसा. जन्मभर मी हा हात किती जणांच्या डोक्यावर धरला असेल त्याला गणती नाही. तिला कधी शिकवला नव्हता आणि शिकवणारही नव्हतो. तिला हे कुणासाठी करावं लागू नये म्हणून तर मी करत होतो.

"हात काढ," मी म्हटलं.

"उतरा," ती म्हणाली.

"हात काढ आधी. मी माझा उतरेन."

तिने काढला नाही. मुलगा बघत होता, वरच्या खिडकीतून त्याची बायको बघत होती. मी पट्टा सोडला. मग मान खाली घातली आणि तिच्या हाताखालून बाहेर आलो.