फोन मोकळे करून देणारी

"पुसलं जाईल हं सगळं. चालेल?"

कुणाचाही फोन हातात घेतला की ती आधी हे विचारायची. विचारताना फोनकडे नाही, फोनवाल्याच्या तोंडाकडे बघायची. समोरचा घाईघाईनं "हो हो, चालेल" म्हणाला की फोन परत त्याच्या हातात. "घरी जा, काय काय आहे ते नीट बघा, मग या." अशी परत पाठवलेली माणसं मी पाहिली आहेत.

आयर्लंडमधल्या शॅनन गावात आमच्या घरांच्या ओळीत तिचं घर आमच्या घराला चिकटून होतं. मधे एकच भिंत. मी एअरपोर्टजवळच्या औद्योगिक वसाहतीत, हृदयात घालायच्या नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करत होते. तिचा नवरा त्याच वसाहतीत दुसऱ्या कंपनीत इंजिनियर. ती घरी. मूळची सांगलीची, शिकलेली इलेक्ट्रॉनिक्स, लग्नाआधी पुण्यात एका मोबाइल सर्व्हिस सेंटरची प्रमुख. इथं राहण्याच्या परवान्याच्या तिच्या कार्डावर काम करायची परवानगी होती, घरातून, नवऱ्याकडून, नव्हती. हे मला उशिरा कळलं. आधी ती म्हणायची, "बघतेय ताई, मनासारखं काही मिळत नाहीये," आणि अशा वेळी आपण जसं मान हलवतो तशी मी हलवायचे.

तुमच्याही घरात असे फोन असतील. काच शाबूत, बॅटरी ठीक, पण कंपनीनं अपडेट देणं बंद केलेलं. मग एकेक ॲप चालेनासं होतं. अशा फोनांत ती वेगळं फर्मवेअर घालून द्यायची. म्हणजे फोन ज्याच्यावर चालतो ते मूळचं सॉफ्टवेअरच काढून दुसरं बसवायची. मी त्या वर्षी सकाळच्या पाळीत होते. दुपारी घरी आले की ती मागच्या दारानं यायची आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझ्या लॅपटॉपला फोन जोडून बसायची. स्वतःच्या घरी हे काम ती कधीच करत नसे.

समोर नोरीन राहायची. सत्तरी ओलांडलेली, एकटी. ती एकदा आपला म्हातारा फोन घेऊन आली. "त्यात काही नाही गं, पूस खुशाल," म्हणाली. आमच्या शेजारणीनं तिला खुर्चीत बसवलं आणि सगळे फोटो बघायला लावले. नवऱ्याचा एकही नव्हता. कुत्र्याचे मात्र शेकडो, त्यातले निम्मे पाठमोरे. कुत्रा जाऊन बराच काळ लोटला होता. नोरीन एकेका फोटोवर थांबायला लागली. मग ते सगळे, पाठमोऱ्यांसकट, आधी लॅपटॉपवर उतरवून झाले.

मग मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर ताडून बघणं. "नाव तेच असलं म्हणून आतला फोन तोच नसतो," ती मला सांगायची. "युरोपातला वेगळा, भारतातला वेगळा. दुसऱ्याचं फर्मवेअर ह्याच्यात घातलं तर नेटवर्क जाईल, नाहीतर फोनच जाईल." बॅटरी भरलेली हवी, केबल घट्ट बसणारी हवी. फाइल नेहमीच्या, खात्रीच्या जागेवरून घ्यायची. कुणीतरी कुठंतरी टाकलेली नाही. "आत काय भरून ठेवलंय कुणाला माहीत!" कंपनीनं फोनला घातलेलं कुलूप उघडलं की फोन स्वतःच सगळं पुसतो, वॉरंटी गेली असं समजायचं, आणि बँकेचं ॲप पुढं चालेलच याची खात्री नाही. हे सगळं ती नोरीनला तिच्या सांगली-पुणे इंग्रजीत समजावून सांगत होती. नोरीनला त्यातलं काय कळलं देव जाणे. ती फक्त म्हणत होती, "ग्रँड, ग्रँड." इथं "छान, ठीक आहे" यासाठी सगळे हेच म्हणतात.

स्क्रीनवरची पट्टी पुढं सरकत असताना टेबलाला हात लावायचा नाही, चहासुद्धा ठेवायचा नाही. फोन जागा झाला की ती "या!" म्हणायची, दारात पाहुणे आल्यासारखं. त्या दिवशी नोरीननं "यू आर अ डोट," म्हणत तिला मिठी मारली. नोरीन गेल्यावर मी सांगितलं, डोट म्हणजे लाडाची, गुणाची. ती कानापर्यंत लाल झाली होती. म्हणाली, "इथं आल्यापासून मला पहिल्यांदा कुणीतरी जवळ घेतलं, ताई."

मी हसले. ती हसत नव्हती.

माझा जुना फोन तिच्या हातून गेला, तो दिवस मला नीट आठवतो. पट्टी अर्ध्यापर्यंत आली होती. तिचा स्वतःचा फोन टेबलाच्या कडेला पालथा ठेवलेला होता. तो वाजला आणि ती अशी दचकून उठली की कोपर केबलला लागलं. केबल निघाली. माझा फोन काळा पडला. तिनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"हो, घरीच आहे," ती फोनवर म्हणाली. मग थोडं थांबून, "नाही... शेजारी. ताईंकडं. आत्ताच आले. हो. निघाले."

भिंतीपलीकडं आणि भिंतीअलीकडं यातला फरक तिच्या नवऱ्याला तिकडं ऑफिसात बसून कसा कळला, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं ते एवढंच, की ही बाई घाबरली आहे. दुसऱ्या दिवशी ती माझा मेलेला फोन घेऊन झटत बसली. नाना बटणं दाबून पाहिली, केबली बदलून पाहिल्या. शेवटी फोन दोन्ही हातांनी माझ्यापुढं ठेवला.

"गेला. अर्धं जुनं, अर्धं नवं राहिलं आतमध्ये. माझ्यामुळं."

"जाऊ दे गं. असाही पडूनच होता," मी म्हणाले. "तुझा फोन कुठाय आज?"

"घरी. चार्जिंगला." मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तो फोन घरी असला की मी घरी असते."

मग तिनं सांगितलं. फोन नवऱ्यानं वाढदिवसाला दिला होता, एक संध्याकाळ स्वतः बसून सगळं लावून दिलं होतं. त्यातलं खातं त्याचं. ती कुठं आहे, कुणाशी बोलली, काय लिहिलं, सगळं त्याच्या फोनवर दिसायचं. ग्रंथालयात जास्त वेळ बसली की फोन. आईशी बोलताना रडली की संध्याकाळी जेवताना विचारणा. हात कधी उगारला नाही, आवाज कधी चढवला नाही. फक्त विचारायचा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचा.

"पुण्यात मी लोकांचे हे असले फोन साफ करून दिलेत, ताई. आणि त्याला वाटलं, मला कळणार नाही."

"अगं मग पुसून टाक ना! तुझ्याइतकं कुणाला येतं ते?"

"फोन तासाभरात मोकळा होईल," ती म्हणाली. "पण संध्याकाळी तो घरी येणारच ना."

मी चहा टाकला. वर विमान उतरत होतं.

माझ्या नवऱ्याचा एक टाकून दिलेला फोन होता. तो मी तिला दिला. त्यात तिनं अगदी साधं, स्वच्छ फर्मवेअर घातलं. ना कुणाचं खातं, ना जुनी कुठली फाइल. नंबर नवा. तो फोन आमच्याच घरी राहायचा, प्रेसमध्ये. इथं कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आता आम्हीही तेच म्हणतो. पोह्यांच्या डब्यामागं. दुपारी ती यायची, तिचा घरचा फोन भिंतीपलीकडं चार्जिंगला, आणि इथं ही पोह्यांच्या डब्यामागचा फोन काढून बोलायची. एकदा ती नसताना तो वाजायला लागला. माझी लेक दप्तर टाकत म्हणाली, "मम, द पोहा इज रिंगिंग." हे तिला सांगितलं तेव्हा ती ओट्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. इतकं हसताना मी तिला नंतर कधी पाहिलं नाही.

त्या फोनवरून तिनं बायकांना मदत करणाऱ्या एका संस्थेशी बोलायला सुरुवात केली. पलीकडची बाई मऊ आवाजात, सावकाश बोलायची. तिनं पहिलीच गोष्ट सांगितली: तुझ्या त्या फोनला आत्ता हात लावू नकोस. तो अचानक गप्प झाला तर तुझ्या नवऱ्याला कळेल, आणि तिथंच धोका वाढतो. शिवाय त्यात जे घातलंय तोच उद्या पुरावा आहे. तुझं या देशातलं राहणं त्याच्या मर्जीवर नाही, त्यासाठी वेगळा मार्ग आहे. आधी तुला राहायला सुरक्षित जागा बघू, मग बाकीचं.

"मला वाटलं होतं, पुसायचं धाडस करायला सांगतील," ती फोन ठेवत म्हणाली. "न पुसायचं करायला सांगितलं."

एका शनिवारी माझ्या दारावर टकटक झाली. तिचा नवरा. तुम्ही पाहिला असता तर तुम्हालाही तो आवडला असता. स्वच्छ, हसरा, बूट दाराबाहेर काढून आत येणारा.

"वहिनी, जरा बोलायचं होतं. तिचा फोन सारखा एकाच जागी पडून असतो हल्ली. ती असते कुठं दुपारची?"

"घरी असेल. नाहीतर इथं. पोळ्या लाटायला येते कधी माझ्यासोबत."

"अच्छा. फोन न घेता?"

मी काही बोलणार तेवढ्यात प्रेसमध्ये फोन वाजायला लागला. डबे थरथरले. तो कपाटाकडं बघत राहिला, मी त्याच्याकडं. वाजायचं थांबेना.

"कामाचा आहे," मी म्हणाले. "आज सुट्टी माझी. घेणार नाही."

"डब्यांमागं?"

"मुलगी खेळत बसते त्याच्यावर."

"बरोबर आहे," तो हसून म्हणाला. "लपवूनच ठेवावं लागतं." बूट घातले, लेस नीट बांधल्या, गेला.

त्यानंतर कित्येक आठवडे ती आली नाही. त्यानं घरून काम करायला सुरुवात केली होती. कधी ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना दिसायची, तोही कॉफीचा कप घेऊन दारात उभा असायचा. मी कुंपणापलीकडून "काय गं, बरी आहेस ना?" विचारलं की तीही "ग्रँड" म्हणायची. भिंतीतून त्याचा आवाज यायचा. शब्द नाही, नुसता सूर, शांत, एकसारखा, प्रश्नाच्या शेवटी वर जाणारा. तिचा आवाज येत नसे. मी टीव्ही मोठा करायचे आणि मग लहान करायचे. दोन्ही करून बरं वाटत नसे. तिच्या नावाचे निरोप पोह्यांच्या डब्यामागं येत राहिले. त्या मऊ आवाजाच्या बाईनं आधीच बजावून ठेवलं होतं, की कुणी तिच्या दारात जाऊन काही बोलायचं नाही. तिला स्वतःला येऊ द्यायचं.

आणि एक दिवस ती आली. तो डब्लिनला मीटिंगसाठी गेला होता. अंगावर घरातला स्वेटर, पायात बाहेरचे बूट, हातात कापडी पिशवी.

"तो फोन दे, ताई. निघतेय."

"आणि तुझा?"

"ओट्यावर आहे. चार्जिंगला लावून आलेय. पुराव्याचे फोटो आधीच संस्थेकडं पोचलेत." तिनं पिशवी खांद्याला अडकवली. "जसा आहे तसाच ठेवलाय. आज फोनच म्हणेल, मी घरी आहे."

माझ्या ओट्याशी उभं राहूनच तिनं त्या मऊ आवाजाच्या बाईला फोन केला, आणि तासाभरात कोपऱ्यावर संस्थेची गाडी उभी होती. नोरीन नेमकी बाहेर होती, तिनं हात केला. हिनंही केला, रोजच्यासारखा. गाडीत बसल्यावर मात्र ती सीटमध्ये खाली सरकून बसली. गाडी वळेपर्यंत मला तिचं डोकंसुद्धा दिसलं नाही.

तिसऱ्या प्रहरी भिंतीपलीकडं फोन वाजायला लागला. वाजून थांबायचा, पुन्हा वाजायचा. तिच्या नसण्याची खात्री मला त्या आवाजानं झाली. संध्याकाळी तो आला, विचारायला. मी दाराची साखळी न काढता "माहीत नाही" म्हणाले, आणि मला खरंच माहीत नव्हतं. कुठं नेणार ते मी विचारलं नव्हतं. नंतर एकदा गार्डा, म्हणजे इथले पोलीस, त्याच्या दारात येऊन गेले, फोन घेऊन गेले. काही महिन्यांनी घर रिकामं झालं. आता तिथं एक ब्राझीलचं कुटुंब राहतं, त्यांच्याकडं रविवारी खूप माणसं येतात.

तिचा एकच फोन आला. नंबर दिसत नव्हता. मी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या आवारात उभी होते.

"ताई, कामाला लागले."

"कुठं?" माझ्या तोंडून गेलंच. मग म्हणाले, "नको, सांगू नको."

"फोनचंच काम आहे," ती म्हणाली. "खोली लहान आहे, पण किल्ली माझी आहे. अजून कुणी मागून आलं की दचकते. परवा इथल्या एकीनं नुसतं विचारलं, जेवलीस का, तर मी सगळं सांगत बसले, काय जेवले, किती वाजता, कुणाबरोबर. ती बघतच राहिली."

पलीकडून कुणीतरी तिला नावानं हाक मारली. इंग्रजी वळणाची, नावाचा शेवट लांबवलेली हाक. "आले, आले!" ती मराठीतच ओरडली, आणि फोन बंद न करता कुठंतरी ठेवून गेली. मला तिची पावलं ऐकू आली. मग तिचा आवाज लांबून, कुणालातरी ठासून काहीतरी सांगणारा. मग कुणाचं तरी हसणं, आणि त्यात तिचंही.

ऐकत राहावंसं वाटत होतं. पण तिला न कळता तिचं बोलणं ऐकायचं नव्हतं. मी फोन बंद केला.