विम्याचे पट्टे

ईशा, निनाद, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही, माझ्या बहिणीला नाही. देवासमोर बसते तेव्हाही नाही. तिथे मी वाती वळते आणि दुसऱ्याच गोष्टी बोलते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, हे मला कळतं. पण या गोष्टीत माझ्या इंग्रजीने जे काम केलं आहे, ते पाहता ती भाषा मला इथे नको वाटते. आईकडून वाचून घ्या. मग तिलाही कळेल. कळू दे.

आजोबांचा धंदा तुम्हाला माहीत आहे. मानकोली, दापोडे, वडपे या भागात गोदामं उभी राहू लागली तेव्हा त्यांच्यावर पत्रे घालायचं, गळती काढायचं काम आपल्याकडे असायचं. माणसं आणि शिड्या आजोबा बघत. ऑफिस मी बघत असे. विम्याची पॉलिसी घरात मला एकटीलाच वाचता यायची, आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान होता.

त्या पॉलिसीत एक अट होती. छपरावर चढणाऱ्या प्रत्येक माणसाला कमरेचा पट्टा द्यायचा आणि तो त्याने बांधला आहे, हे बघायचं. आम्ही पट्टे घेतले. चांगले, नारिंगी, जाड दोरीचे. पहिल्याच कामावरून ते परत आले तेव्हा त्यांच्यावर गंज, डांबर, चिखल — मला बघवेना. मी ते धुतले, वाळवले, घड्या घातल्या आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. विमा कंपनीचा माणूस पाहणीला आला की काढायचे. माणसांनी बांधायचे, फोटो निघायचा, की परत कपाटात.

आपल्या शोकेसमध्ये सोनेरी कडेचे कप आहेत ना, पाहुण्यांसाठी ठेवलेले, ज्यांना तुम्हाला कधी हात लावू दिला नाही? तसेच. अगदी तसेच.

माणसांनी त्यांना नावही दिलं होतं — विम्याचे पट्टे. मी कपाट उघडलं की कुणीतरी म्हणायचं, "काय वहिनी, विमा यायचा हाय वाटतं आज? लग्नातलं कपडं काढलंत!" सगळे हसायचे. मीही हसायचे. पट्टा माणसासाठी नाही, विम्यासाठी आहे, हे ते मला तोंडावर सांगत होते, आणि मी हसत होते. ऐकू येत नव्हतं का मला?

बाळारामला तुम्ही ओळखता. वडप्याच्या गोदामाच्या गेटवर काठी घेऊन बसतो तो. सुट्टीत आलात की तुम्हाला ताडगोळे सोलून द्यायचा. मी सांगते आहे त्या काळी तो तरुण होता, आतल्या गावचा, घरची थोडी भातशेती, आणि वर्षभर आमच्याकडे पत्र्याच्या कामावर.

त्या दिवशी दापोड्याला माझ्या भाचीची हळद होती. आपल्याकडची हळद म्हणजे काय असते ते तुम्ही पाहिलं आहे — मांडव, बँड, सगळं गाव जेवायला. मी नवी साडी नेसून बायकांच्या मधोमध बसले होते. फोन आला. बाळारामचा.

"वहिनी, वडप्याचं जुनं गोदाम हाय. गळती काढायची हाय. मधी मधी उजेडासाठी फायबर घातलंय, पन धुळीनं काय समजत न्हाय कुठं फायबर न् कुठं पत्रा. एक पट्टा द्या ना. चावीला कुनाला धाडू?"

चावी माझ्या कमरेला होती. छल्ल्यात. मी काय म्हणाले असेन?

म्हणाले, "अरे, एवढ्याशा कामाला पट्टा कशाला? उद्या कंपनीचा माणूस यायचाय, धुवून ठेवलेत मी. जरा सांभाळून चढ की."

तो हसला. "बरं, मंग विम्यालाच बांधा पट्टा," म्हणाला आणि फोन ठेवला. मी ते शेजारच्या बाईला सांगितलंसुद्धा, गंमत म्हणून.

दुपारी तो पडला. फायबरवर पाय पडला आणि आरपार खाली. खाली कापडाचे गठ्ठे रचलेले होते म्हणून जीव वाचला. कंबर आणि उजवा पाय मात्र गेले ते गेलेच.

इथपर्यंत जे लिहिलं ती चूक आहे. चूक कुणाकडूनही होते, आणि एवढीच असती तर मी ती केव्हाच तुमच्या आईला सांगितली असती. पुढचं जे आहे ती चूक नाही.

कंपनीचा माणूस दवाखान्यात आला. मराठी त्याला येत नव्हती. मी खाटेच्या पायाशी उभी होते. त्याने बाळारामला हिंदीत विचारलं, आणि बाळारामने सरळ सांगितलं, "साहब, पट्टा माँगा था. चाबी भाभी के पास थी." त्यात राग नव्हता. झालं तसं त्याने सांगितलं.

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं.

मला पॉलिसी पाठ होती. पट्टा आम्हीच दिला नाही असं ठरलं, तर कंपनी भरपाई देणार नाही. ती आम्हाला द्यावी लागेल. आणि पट्टा दिला होता, पण त्याने मुद्दाम बांधला नाही असं ठरलं, तर अशा दुखापतीची भरपाई कुणालाच द्यावी लागणार नाही. कंपनीला नाही, आम्हालाही नाही. त्या खोलीत हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं — त्याला आणि मला.

मी इंग्रजीत बोलले. शांतपणे, शाळेत शिकवलेल्या स्वच्छ उच्चारात. मी म्हणाले की याला औषधांची गुंगी आहे. पट्टे आम्ही सगळ्यांना देतो. यालाही दिला होता. याने बांधायला नकार दिला. हा नेहमीच असं करतो.

ते शेवटचं वाक्य मला कुणी विचारलंही नव्हतं.

मी बोलत होते तेव्हा बाळाराम माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्याचीच बाजू मांडते आहे, असं वाटलं त्याला. माझं संपल्यावर त्याने उशीवरची मान हलवली आणि म्हणाला, "हाँ साहब. भाभी जो बोलती हैं, वही सही है."

तेव्हा मी काय केलं? त्याच्या अंगावरची चादर नीट केली.

पैशांसाठी केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. आम्हाला ती भरपाई परवडली असती. आपलं घर बुडालं नसतं. मग का? माझ्या हातून असं काही झालं, हे कुणाला कळू नये म्हणून. मी नीटनेटकी, मी शिकलेली, माझ्या कपाटात कधी काही चुकत नाही — तेवढ्यासाठी. आजोबांना काय माहीत होतं ते मी लिहिणार नाही. ते त्यांच्याबरोबर गेलं.

बाळारामला काही मिळालं नाही. शेत त्याच्या भावाने कसायला घेतलं. आम्ही गोदामाच्या मालकांना सांगून त्याला गेटवर नोकरी लावून दिली, घरी तांदूळ-डाळ पोचवत राहिलो, आणि गावात माझं नाव झालं. एवढं होऊनही वहिनींनी सोडलं नाही त्याला, असं लोक म्हणायचे. त्याची बायको कुसुम दर दिवाळीला वालाच्या शेंगा घेऊन येते आणि माझ्या पाया पडते. एकदा माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "सोन्यासारखा पट्टा दिल्ता वहिनींनी. पन हा माजलेला! ऐकतो कुनाचं?"

सुरुवातीला तो म्हणायचा, "मागितल्ता मी." दोनदा, तीनदा. कुणी मानलं नाही. वहिनी कशाला खोटं बोलतील? मग तो म्हणेनासा झाला.

निनाद, तू लहानपणी मला विचारलं होतंस, काका असे का चालतात? मी काय सांगितलं, आठवतं तुला? मोठ्यांचं ऐकलं नाही की असं होतं, म्हणाले होते मी. तू पुढे कितीतरी दिवस शिडीला हात लावला नाहीस.

गेल्या वर्षी गोदामाच्या नव्या मालकांनी कामगारांना पट्ट्यांची माहिती द्यायचा कार्यक्रम ठेवला. मला खुर्ची दिली होती, पहिल्या रांगेत. बाळारामला बोलायला उभं केलं. तो काठीवर रेलून नव्या पोरांना म्हणाला, "मना पट्टा दिल्ता. मी न्हाय बांधला. मस्ती होती अंगात. बघा माझ्याकडं."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

तो ते नोकरीसाठी म्हणाला, की इतकी वर्षं ऐकून ऐकून त्याला तेच खरं वाटू लागलं आहे? मला माहीत नाही. त्याच्या डोक्यातूनसुद्धा मी ते काढून घेतलं असेन, तर मी त्याचा फक्त पाय घेतलेला नाही.

मांडवात फोन आला तेव्हा मी उठून चावी दिली असती, तर माझी हळदीतली जागा गेली असती. दवाखान्यात खरं बोलले असते, तर थोडी पत गेली असती. त्यानंतरही रोज सांगता आलं असतं. रोज.

बाळाराम आजही आहे. वडप्याच्या गेटवर, सकाळच्या पाळीला. काल मी तिथूनच गेले. गाडी थांबवली, काच खाली केली. तो काठी टेकत उठला. पाय कसा आहे, मी विचारलं.

"बरा हाय, वहिनी," तो म्हणाला.

मी काच वर केली.