फळ्यांच्या भिंतीवर पाण्याचा मारा

कल्पना करा, तुमच्या हातात पाण्याची गन आहे. ट्रकच्या चाकावरचा वाळका चिखल सोलून काढेल एवढा तिचा जोर. पण समोर ट्रक नाही, लाकडी फळ्यांची जुनी भिंत आहे. तुम्ही किती लांब उभे राहाल?

केसरीनाथ चार पावलं लांब राहायचा. भिवंडीजवळच्या शेलार गावचा हा माणूस मानकोली नाक्यावर ट्रक धुवायचा. १९९३ साली त्यानं घरांच्या भिंती धुवायचीही कामं घेतली. भिवंडीत यंत्रमागांवरचे कापसाचे तंतू उडतात, भिंतींवर बसून तेलकट होतात, मग फडक्यानं हलत नाहीत. ट्रक धुवून धुवून कंटाळला होता तो. या नव्या कामावर त्याला नाव कमवायचं होतं.

पहिलं मोठं घर चिंतामणी कारकुनांचं. लेकीचा साखरपुडा आठ दिवसांवर आलेला. वरच्या मजल्याच्या फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या. केसरीनाथनं मागच्या कोपऱ्यात आधी थोडं धुऊन पाहिलं. मग खालून वर साबणाचं पाणी लावलं, ते भिजू दिलं, आणि रुंद फवाऱ्यानं वरून खाली धुवायला लागला. खालून मारलं तर पाणी फळ्यांच्या फटींतून आत शिरतं. साधी गोष्ट आहे. पण ती ऐकायची कुणाला?

चिंतामणींचा पुतण्या श्रीनाथ मित्रांना घेऊन ओट्यावर बसला होता.

"काय रे केसऱ्या, अत्तर शिंपडतोस का?"

"फली हाय, दादा. बंपर न्हाय."

"जोर संपला असेल तर वडापाव मागवतो!"

मित्र खिदळले. केसरीनाथनं दात आवळले आणि काम चालू ठेवलं. ड्रममधलं पाणी संपत आलं, म्हणून गन खाली ठेवून तो बादल्या भरायला विहिरीवर गेला.

श्रीनाथनं गन उचलली. बारीक धारेचं तोंड बसवलं आणि फळ्यांना जवळजवळ टेकवून खालून वर मारा केला. रंगाचे पापुद्रे उडाले. लाकडावर नांगरल्यासारखे चर पडले. पाणी आत घुसून साखरपुड्यासाठी नुकतीच रंगवलेली खोली भिजली. केसरीनाथ ओरडत धावला तोवर चार फळ्या गेल्या होत्या.

तेवढ्यात चिंतामणी ऑफिसातून आले. "कुणी केलं हे?"

"मी सांगत होतो त्याला, हळू मार म्हणून," श्रीनाथ म्हणाला. मित्रांनी माना डोलावल्या.

केसरीनाथनं वर पाहिलं. चिंतामणींच्या पत्नी सुमतीबाई पहिल्यापासून खिडकीत होत्या. त्यांची नजर त्याच्या नजरेला भिडली. त्यांनी खिडकी लावून घेतली.

"चालता हो माझ्या दारातून!" चिंतामणी गरजले.

बाजारात त्याचं नाव 'फळीफोड्या' पडलं. घराचं काम पुन्हा कुणी दिलं नाही. ज्या माणसाला ती भिंत कशी धुवायची ते नेमकं ठाऊक होतं, त्यालाच गावानं अडाणी ठरवलं!

सहा वर्षं झाली. मानकोलीला ट्रकवर धार मारताना तो अजून धुमसतो. श्रीनाथचं नावही काढत नाही.

"तो पोरगा खोटा बोलला, ते समजलं. सोताचा जीव वाचवला त्यानं. पन सुमतीकाकू? त्यांनी सगलं बघितलं. घर त्यांचं, भिंत त्यांची. मंग त्या का न्हाय बोलल्या?"